उगमाचा रकाना

"मग तसं लिहून द्या," असं ती बाई सहज म्हणाली, आणि हेमसिंग आडेच्या उजव्या गुडघ्यात कळ उठली. बाई वाईट नव्हती. उलट दुकानात येणाऱ्या दहा जणींत एखादी असते तशी साधी, हसतमुख, केनवडच्या शाळेत शिकवणारी उज्ज्वलाबाई. नोकरीला अठरा वर्षं झाली म्हणून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटासाठी हिरा घ्यायला ती वाशिमला आली होती. अंगठी तिला आवडली होती, मापातही बसली होती. तेवढ्यात तिनं ती काढून काचेवर ठेवली आणि विचारलं, "हा हिरा कुठचा हो? मोबाईलवर पाह्यलं मी, काही ठिकाणी याच्यापायी मानसं मारतेत म्हणे. तसलं असंल तर नको. कोनाचा तळतळाट बोटात घालून पोराईले शिकवाले मी कशी जाऊ?" दुकानाचे मालक विनोदशेठ मोठ्यानं हसले. "अवं ताई, आमचा हेमसिंग सोता आफ्रिकेत होता, चार वर्सं. खानीच्या दारात बसून हिरे घेतले त्यानं. त्यालेच इचारा ना." मग दोघांनीही हेमसिंगकडे पाहिलं. डोळ्याला लावलेलं भिंग खाली घेत तो म्हणाला, "चांगला माल हाय, ताई." "चांगला म्हंजे?" "म्हंजे... कोनाचं काई वाईट नाई झालं." आणि त्यावर ती म्हणाली होती, मग तसं लिहून द्या.

दुकानाच्या कार्डावर वजन, रंग, कापणी असे रकाने होते, आणि सगळ्यात खाली एक रकाना होता, 'उगम'. तो नेहमी कोराच जायचा, कारण आजवर कोणी विचारलंच नव्हतं. विनोदशेठनी पेन पुढं केलं. "दे ना लिहून, दोन अक्षरं." हेमसिंगनं पेन घेतलं. आपण थांबू, काहीतरी निमित्त काढू, चष्मा घरी राहिला म्हणू, असं त्याला वाटत होतं, आणि वाटत असतानाच त्याचा हात लिहीत होता. 'अधिकृत खाण. निर्मळ माल.' खाली सही. अक्षर वळणदार होतं, तिकडे होतं तसंच. बाईनं कार्ड वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं, अंगठी बोटात घातली आणि ती पायरी उतरून गेली. तो मात्र काउंटरच्या मागे गुडघा धरून बसला. आत जडाईच्या पाटावर अन्सारभाई वाकून काम करत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं. "काय झालं बे? घामानं भिजला तू. दोन ओळी तं लिहिल्या." हेमसिंगनं विचारलं, "अन्सारभाई, तुमच्या मनात येते का कदी, हा खडा कुठून आला असंल?" "माह्यापाशी पुडीत येते," अन्सारभाई म्हणाले, "मी कोंदनात बसवतो. पुडीच्या पलीकडचं मले कोन सांगन?" आणि चिमटा उचलून ते पुन्हा कामाला लागले.

पुडीच्या पलीकडे हेमसिंग बसला होता. पोहरादेवीजवळच्या तांड्यातून तो सोळाव्या वर्षी सुरतेला गेला, चौदा वर्षं चाकावर हिरे घासले. नजर चांगली, बोलणं कमी, म्हणून तिथल्या शेठनी त्याला परदेशी पाठवलं. त्या देशाचं नाव तो घरातही काढत नसे. तिथं नदीकाठी शेठच्या कंपनीनं मोठा पट्टा घेतला होता. त्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चाळणीनं वाळू चाळून खडे शोधणारी माणसं एका दिवसात परकी झाली होती. कुंपणाला लागून पत्र्याची खोली, खोलीला खिडकी, खिडकीच्या आत टेबल, तराजू, दिवा आणि हेमसिंग. बाहेरून माणसं येत, कापडात बांधलेले बारके खडे ठेवत, तो कंपनीच्या दरानं घेत असे आणि फॉर्म भरत असे. टेबलाखाली, बरोबर उजव्या गुडघ्याशी, एक बटण होतं. मोठा खडा आला तर तो कंपनीच्या जमिनीतलाच, म्हणजे चोरीचा, असा नियम होता. तेव्हा काही बोलायचं नाही, हसतमुख राहायचं आणि गुडघा वर करायचा. पहिल्या तीन वर्षांत हे बटण दाबायची वेळ एकदाही आली नाही. मग सेकू आला. म्हणजे सेकू तर रोजच यायचा. उंच, एक खांदा उतरलेला, हेमसिंगला 'एमसिंग' म्हणणारा माणूस. त्याच्या जिभेला 'ह' यायचाच नाही. तो नदीतले वाळवलेले मासे पानात गुंडाळून आणायचा, आणि हेमसिंग मासे खात नाही हे कळल्यावर पुढच्या खेपेपासून केळी आणायला लागला. त्या दिवशी दुपारी त्यानं कापड सोडलं आणि आत चांगल्या मोठ्या हरभऱ्याएवढा खडा होता. माझ्या स्वतःच्या जागेतला आहे, कुंपणाच्या या बाजूचा, असं तो हातानं दाखवत होता. हेमसिंगनं खडा दिव्याखाली धरला. इतका स्वच्छ खडा त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्याच्याकडे पाहता पाहता त्याला मागून, दाराच्या पलीकडून, बुटांचा आवाज आला. बटण दाबायचं आपण कधी ठरवलं, ते त्याला त्या वेळीही आठवलं नाही आणि नंतरच्या सहा वर्षांत हजारदा उलटसुलट करूनही आठवलं नाही. मनानं ठरवण्याआधी गुडघ्यानं केलं होतं. दोघे आले, सेकूच्या काखेत हात घालून त्याला मागच्या दारानं घेऊन गेले. जाताना सेकूनं हेमसिंगकडे रागानं पाहिलं नाही. त्यानं टेबलाकडे पाहिलं, आपली एखादी वस्तू तिथं विसरली असावी तसं. मग नदीकडे जाणाऱ्या ट्रकचा आवाज; त्यानंतर सेकू कोणालाच दिसला नाही. संध्याकाळी साहेबानं फॉर्म पुढं केला. मालाचा उगम: कंपनीचा पट्टा, चौथा तुकडा. हेमसिंगनं लिहिलं. तो खडा इतर शंभर खड्यांत मिसळला, सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र लागून सुरतेला गेला, तिथं आणखी हजारांत मिसळला, कापला गेला, आणि आता तो कुठल्या बोटात आहे हे देवालाही सांगता यायचं नाही. त्या प्रमाणपत्रात खोटं असं काहीच नव्हतं, हीच मोठी भीती होती. बंडखोर टोळीनं हिरा विकून बंदुका घेतल्या का, एवढंच तो कागद विचारतो. मागच्या दारानं कोणाला नेलं का, असा रकाना त्याच्यावर नाही.

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस एक बाई कुंपणापलीकडे, बरोबर खिडकीसमोर येऊन बसत होती. हेमसिंगनं झडप ओढून घेतली होती. पाच महिन्यांनी तो परत आला. सुरतेच्या ऑफिसात व्यवस्थापकानं त्याचा पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर आपला पंजा ठेवून गोड आवाजात म्हटलं, "तिथलं तिथंच ठेवायचं, हेमसिंग. तुझा तांडा पोहरादेवीजवळ ना? पत्ता आहे आमच्याकडे. दिवाळीला मिठाई पाठवत जाऊ." आणि खरोखरच दिवाळीला मिठाईचा डबा आला. काजूकतली, वर सुरतेच्या शेठचं छापील कार्ड. बायको गोमती खूश झाली, तिनं तांड्यात सगळ्यांना वाटली. हेमसिंगनं तुकडाही तोंडात घातला नाही. पुढच्या वर्षी तो तांडा सोडून शेलूबाजारला हायवेजवळ दोन खोल्यांत राहायला आला. नवा पत्ता कोणालाही दिला नाही. दिवाळीला डबा नव्या पत्त्यावर आला. तेव्हापासून तो वस्तीत अनोळखी गाडी हळू झाली की मागच्या अंगणात जाऊन उभा राहायचा. आणि गेल्या महिन्यात विनोदशेठनी त्याला न विचारताच त्याचा फोटो दुकानाच्या फेसबुकवर टाकला होता, 'आफ्रिकेच्या खाणीवर काम केलेले तज्ज्ञ आता आपल्या सेवेत'. आठ दिवसांपासून एका अनोळखी नंबरवरून फोन येत होता. तो उचलत नव्हता. फोन खिशात थरथरला की त्याला वाटायचं, सुरतेचा पंजा आता पासपोर्टवरून उचलून आपल्या मानेवर आला.

जेवणाची सुट्टी म्हणून तो बाहेर पडला आणि चालत चालत बसस्टँडवर आला. तिथं रिसोडच्या गाडीची वाट बघत उज्ज्वलाबाई बसली होती. शेजारच्या म्हातारीला ती हात पुढं करून अंगठी दाखवत होती. "आफ्रिकेत राह्यलेल्या मानसानं लिहून देल्लं आजी, निर्मळ हाय म्हनून." आणि पर्समधून कार्ड काढून ती म्हातारीला वाचून दाखवायला लागली. आपण लिहिलेले शब्द हेमसिंगच्या कानावर पडले. आणखी एक कागद. आता तो केनवडला जाईल, कपाटात राहील, बाईच्या लेकीला दाखवला जाईल, आणि खाली आपली सही. धीर करून नव्हे, तर त्या कागदाच्या धास्तीनंच तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. "ताई, ते कार्ड खोटं हाय."

"काय?"

"मले माहीत नाई हा खडा कुठचा. कोनालेच माहीत नसते. मी उगीच लिहिलं."

बाईनं आधी अंगठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मंग सकाळी काहून लिहिलं तुमी? मी तं तुमच्या तोंडाकडं पाहून घेतली!" तिचा आवाज चढला, दोनचार माणसं वळून पाहायला लागली. "मी तिकडं असंच लिहीत होतो," एवढंच हेमसिंग म्हणाला. बाई उठून उभी राहिली. अंगठी बोटातून निघेना, घाम आला होता. तिनं ती पिळून पिळून काढली, पर्समध्ये टाकली आणि तरातरा दुकानाच्या रस्त्याला लागली. रिसोडची गाडी आली आणि तिच्याशिवाय निघून गेली.

शेलूबाजारची जीप भरत होती. तो मागच्या दाराशी बसला, म्हणजे उतरायला सोपं. जीप गावाबाहेर पडते न पडते तोच विनोदशेठचा फोन आला. "बाई अंगठी फेकून गेली ना बे! चार गिऱ्हाइकं उभी होती. तुले काय येड लागलं काय? येऊ नको तू उद्यापासून." हेमसिंग हो म्हणाला. विचित्र म्हणजे त्याला थोडं हलकं वाटलं, पण ते क्षणभरच. समोरच्या बाकावर निळ्या शर्टाचा एक माणूस टक लावून त्याच्याकडे बघत होता. हेमसिंगनं नजर वळवली, कापलेल्या तुरीची रानं मागे पळत होती, पुन्हा पाहिलं तर माणूस बघतच होता. हा कधी बसला? वाशिमला बसला की मधे? याला आपण सुरतेत कुठं पाहिलंय का? गुडघा पुन्हा ठणकायला लागला. "पाव्हने," तो माणूस एकदम म्हणाला, "खिडकी सरकवा जराशी, पोट मळमळून राह्यलं मायं." हेमसिंगनं खिडकी सरकवली. काच दोनदा अडकली. त्याच वेळी फोन पुन्हा वाजला आणि विनोदशेठच असतील म्हणून त्यानं न बघता उचलला.

"हेमसिंगकाका? उचलला बाप्पा एकदाचा. मी उमेरा. मंगरूळपीरची हाओ. तुमच्या घरी येऊन बसली. काकू चहा करून राह्यल्या."

त्यानं फोन बंद केला. मधेच उतरावं, कारंज्याकडे, अकोल्याकडे, कुठंही निघून जावं असं त्याच्या मनात आलं. पण गोमती घरात एकटी होती. पूर्ण रस्ताभर त्याला चहाची भांडी दिसत राहिली; पितळी गाळणी, गोमतीचा हात, आणि दारात उभी असलेली, चेहरा नसलेली कुणीतरी.

घरी पोचला तेव्हा अंगणात बाजेवर पंचविशीची एक मुलगी बसली होती, डोक्यावरून ओढणी, मांडीवर जाड वही. तिच्यात भिण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यामुळेच तो अधिक भ्याला. तिनं सरळ सांगितलं. ती वकील होती. खाणींवरच्या माणसांचे खटले चालवणाऱ्या एका संस्थेसाठी काम करायची. तिकडच्या एका बाईनं सहा वर्षांपासून खटला लावला होता. सेकू नावाचा माणूस त्या दिवशी आपल्या ऑफिसात आलाच नाही असं कंपनी म्हणत होती, आणि त्या दिवसाचा मोठा खडा कंपनीच्याच चौथ्या तुकड्यात सापडल्याचा फॉर्म पुढं करत होती. "फॉर्मवर सही तुमची हाय, काका. लय दिवस झाले शोधून राह्यलो तुमाले. मंग दुकानाचा तो फोटो दिसला, तिथूनच तुमचा नंबर आन पत्ता भेटला."

"तो मी नव्हे," हेमसिंग म्हणाला. "माह्या नावाचे लय लोक हायेत. तू जाय, पोरी."

"ठीक हाय," उमेरा म्हणाली. "जबरदस्ती नाई. तुमच्या जिवाले धोका हाय हे मले समजते. तुमी नाई म्हनले तर तुमचं नाव मी कुठंच सांगनार नाई." ती वही मिटायला लागली. तेवढ्यात चुलीशी बसलेली गोमती उठून दारात आली. पदराला हात पुसत ती नवऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तिकडून आले तवापासून कोनी दारात आलं का तुमी मांगच्या आंगनात जाता. सहा वर्सं झाली. मले वाटे, तिकडं दुसरी बाई केली आन तिची मानसं शोधाले येतीन म्हनून भेता." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मी कोनाले बोलली नाई. देवीपुढं रडली फकस्त. आज तरी सांगा, काय केलं तुमी तिकडं?"

हेमसिंग बाजेच्या कडेवर बसला. दोन बायका त्याच्याकडे पाहत होत्या. हायवेवरून एक ट्रक गिअर बदलत गेला आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. गोमतीनं पाण्याचा गडू पुढं केला. तो प्यायला, आणि मग खाली मातीकडे बघत त्यानं सांगितलं. खिडकी, केळी, हरभऱ्याएवढा खडा, गुडघा. बटण म्हणताना तो दोनदा अडखळला. गोमती भिंतीला टेकून खाली बसली. "दुसरी बाई परवडली असती मले," ती हळूच म्हणाली.

उमेरानं लिहिणं थांबवलं. "काका, त्याची बायको आज फोनवर यायची हाय. आवा तिचं नाव. तिले पैसा नको, शिक्षा गिक्षाबी ती मांगत नाई आता. कंपनीनं तिकडं पसरवलं का सेकूनं खडा दुसरीकडं इकला आन एक बाई घेऊन तो सीमेपलीकडं पळाला. गावानं ते खरं मानलं. तिच्या पोराईले लोक पळपुट्याची पोरं म्हन्तेत. तिले फकस्त इचारायचं हाय तुमाले. बोलसान?"

"ती मले शिव्या देईन."

"देईन बी."

"सुरतेच्या लोकाईले समजलं तर?"

"समजनच कदी ना कदी," उमेरा म्हणाली. "खोटं कायले बोलू तुमाले? आमी जमन तेवढं पाहू."

तो गोमतीकडे पाहू लागला. तिनं अंगणाचं फाटक लोटून आतून कडी घातली आणि येऊन त्याच्या शेजारी बसली. उमेरानं फोन बाजेवर ठेवला. बराच वेळ खरखर होती, मग कोंबड्यांचा आवाज, आपल्याकडच्यासारख्याच कोंबड्या, आणि मग एका बाईचा जाड, सावकाश आवाज. पलीकडे एक दुभाष्या होता. तो ते इंग्रजीत करायचा आणि उमेरा ते वऱ्हाडीत. आवानं शिव्या दिल्या नाहीत. तिनं विचारलं, "खिडकीमांगं तूच होता का?"

"हो."

"मी तीन दिवस बसली होती. तूच झडप ओढली का?"

"हो, मीच."

मग तिनं विचारलं, "तो त्या दिवशी आला होता का?"

आता एकच शब्द बोलायचा आणि त्यानंतर मागे फिरता येणार नाही, हे हेमसिंगला स्वच्छ कळत होतं. पासपोर्टवरचा तो पंजा, मिठाईचे डबे, मागचं अंगण, सगळं त्या एका शब्दाच्या अलीकडे होतं. "आला होता," तो म्हणाला. "खडा त्याच्या सोताच्या जागेतला होता, तो तसं सांगत होता. मी बटन दाबलं. दोघं जन आले. मांगच्या दारानं नेलं त्याले. ट्रक नदीकडं गेला, गावाकडं नाई, सीमेकडंबी नाई. तो पळाला नाई, बाई. फॉर्म मी भरला. खोटा भरला."

उमेरा ते हळूहळू सांगत गेली. पलीकडे दुभाष्याचा आवाज थांबला. तेवढ्यात त्या बाईनं लांब कुणाला तरी हाक मारली, एकदा, दोनदा, आवाज फाटेपर्यंत. पावलं धावत आल्याचं ऐकू आलं. ती भराभर काहीतरी बोलत होती.

"काय म्हन्ते?" हेमसिंगनं विचारलं.

"पोराईले बोलावलं तिनं. दोघं हायेत. म्हन्ते, इथं बसा, या मानसाचं ऐका." उमेरानं ओढणीनं डोळे पुसले. "आन तुमाले म्हन्ते, पुन्हा सांगा. पयल्यापासून. त्याईच्या बापाचं नाव घेऊन सांगा."

बाहेर रस्त्यावर एक गाडी हळू झाली. हेमसिंगचं अंग ताठ झालं, पाय उठायला निघाला. गोमतीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गाडी थांबली का पुढं गेली, ते त्यानं ऐकलं नाही. फोनवर वाकून, भीतीनं फाटलेल्या आवाजात त्यानं सुरुवात केली, "माहं नाव हेमसिंग आडे. तुमचा बाप सेकू माह्याकडं रोज येत होता."